रवता कशी?

पेट्रोल पंपावर माझी जुनी गाडी उभी केली की प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "कुठली हो ही?" दुसरा, "मॉडेल कितीचं?" तिसरा जरा आवाज खाली आणून, "द्यायची आहे का?" आणि रेडिएटरमध्ये पाणी बघायला बॉनेट उघडलेलं असेल तर चौथा, "इंजिन कुठलं टाकलंय?" यावर "जिप्सीचं" म्हटलं की समोरच्याच्या नजरेत माझी किंमत एकदम वाढते. मग शेवटचा प्रश्न येतोच, "पळते किती?"

इतक्या वर्षांत एकाच माणसानं वेगळं विचारलं. कुडाळला मामाच्या घराजवळ एक मेस्त्री आहे. शेड पत्र्याची, समोर फणसाचं झाड, झाडाला चेनब्लॉक टांगलेला. मी मोठ्या तोऱ्यात गाडी नेऊन उभी केली आणि शंभरचा काटा ती कशी सहज ओलांडते ते सांगू लागलो. मेस्त्री बोलेरोखाली झोपला होता. बाहेर न येताच म्हणाला, "धावतत सगळीच. रवता कशी, ता सांग."

मालवणीत रवणं म्हणजे थांबणं आणि रवणं म्हणजे राहणंही. एसटी फाट्यावर रवता, पाहुणो रातचो रवता, आणि पोरगो मुंबयक गेलो की थयच रवता. मी हसलो आणि "बरी थांबते की" असं काहीतरी म्हटलं. तेव्हा मला खरोखर तसंच वाटत होतं.

गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड, १९६५ची, दोन दरवाजांची. इंग्लंडमध्ये ट्रायम्फनं १९५९ साली हेराल्ड बाजारात आणली आणि १९६१ पासून ती मद्रासला स्टँडर्डच्या कारखान्यात बनू लागली. तिचं रूप जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन माणसानं काढलेलं. त्यामुळे पन्नाशी उलटलेल्या लोकांना ती अजूनही लांबून ओळखू येते. पुढचं अख्खं तोंड, मडगार्डांसकट, मगरीच्या जबड्यासारखं पुढे उघडतं. बॉडी तुकड्यांची, चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बोल्टांनी आवळलेली. त्या काळात बहुतेक कंपन्या वेगळी चासी सोडून देत होत्या. पण ट्रायम्फला बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्ध्यानं विकत घेतला होता, म्हणून तुकडे इकडूनतिकडून करून घ्यायचे आणि चासीवर जोडायचे असा मार्ग त्यांनी काढला. अडचणीतून निघालेली ही चासी पुढे फार कामाला आली. तीच आखूड करून १९६२ साली त्यांनी स्पिटफायर ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे आमची हेराल्ड वरून मास्तरांची गाडी आणि खालून स्पोर्ट्स कार. मी स्वतः मास्तर असल्यामुळे ही मांडणी मला फार आवडते.

मामानं ती १९८४ साली बेळगावच्या एका डॉक्टरांकडून घेतली. वीस वर्षं चालवली, मग ती गोठ्याशेजारच्या पडवीत रवली. मालवणी अर्थानं, दोन्ही. कोंबड्यांनी मागच्या सीटवर अंडी घातली. मी हात घातला तेव्हा ९४८ सीसीचं जुनं इंजिन पाणी शिरून पकडलं होतं. पिस्टन बाहेर काढायला लाकडाचा ठोकळा आणि घण लागला. ब्लॉकला बारीक तडाही दिसला. सुटे भाग मागवायचे तर इंग्लंडहून, आणि ते बसवणारा हात कुठून मागवणार? तेव्हा अपघातातल्या जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन पाच गिअरच्या पेटीसकट मिळालं. ते ज्यानं बसवलं तो दुसऱ्या गावचा, हुशार माणूस. माउंटिंग सुरेख, वायरिंग सुरेख. ब्रेकला मात्र त्यानं हात लावला नाही. "चालतायत की," म्हणाला. मीही मान डोलावली, कारण पैसे संपले होते आणि गाडी चालवायची घाई होती.

(कागदांचं विचारणाऱ्यांसाठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला नोंदणी कार्यालयाची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ती मी केली, चार फेऱ्या झाल्या. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. पण इंजिन, चासी किंवा बॉडीत मोठा फेरफार केलेल्या गाडीला ती मिळत नाही. त्यामुळे आमची हेराल्ड म्हातारी असूनही सरकारदरबारी तिला व्हिंटेजचा मान नाही. तिला त्याचं काही वाटत नाही. मला थोडं वाटतं.)

आता आंबोलीचं सांगतो.

मे महिना, आजऱ्याहून परत येत होतो. मामा पुढे, मामी मागे, मामीच्या मांडीवर घनसाळ तांदळाची पिशवी. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे आणि तिथून घाट सुरू झाला की दाणोलीपर्यंत उतारच उतार. जुनं इंजिन होतं तेव्हा मामा दुसऱ्या गिअरमध्ये, रिक्षाही मागून हॉर्न मारतील अशा चालीनं उतरायचा. मी तिसऱ्यात होतो, कधी चौथ्यात. गाडी इतकी गुळगुळीत चालत होती की वेग कळतच नव्हता. वळण आलं की ब्रेक, वळण संपलं की थोडा पाय, पुन्हा ब्रेक.

धबधब्याच्या खाली थोड्या अंतरावर आधी वास आला. ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर ओळखू येतो, तव्यावर करपलेल्या केसासारखा. मामा म्हणाला, "पुढच्या ट्रकचा असेल." पुढे ट्रक नव्हता. पुढच्या वळणावर पेडल दाबलं तर ते दगडासारखं कडक लागलं, आणि गाडी मात्र आपल्याच तंद्रीत. त्याच्या पुढच्या वळणावर उलटं झालं. पेडल लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं. मी दुसरा गिअर ठोकला, इंजिन किंचाळलं, मामानं न सांगता हँडब्रेक ओढला. सुदैवानं आमची बाजू दरडीची होती. डावी चाकं गटारात घालून, बंपर जांभ्याला घासत गाडी उभी राहिली. मामी एवढंच म्हणाली, "तांदूळ सांडले नाहीत."

सगळ्यात भयंकर गोष्ट त्यानंतरची. चाकाखाली दगड लावून, माकडांना हाकलत आम्ही पाऊण तास बसलो. मग मी पेडल दाबून पाहिलं. पहिल्यासारखं घट्ट! जणू काही झालंच नव्हतं. कुठे गळती नाही, काही तुटलेलं नाही. कुणी तपासायला आला असता तर "ब्रेक ठीक आहेत" असंच लिहून गेला असता.

मी नववीला विज्ञान शिकवतो. ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा दर वर्षी येतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे फळ्यावर लिहून मुलांना तीनदा म्हणायला लावतो. हेराल्ड आधी सत्तरच्या वर नेली तर दरवाजे वाजायचे. आता ती शंभरनं जाते. वेग दीडपटही झाला नाही, पण थांबवायची ऊर्जा दुप्पट झाली आणि ब्रेक तेच १९६५चे. हे गणित मी शाळेत सोडवत होतो आणि शाळेबाहेर पार्किंगमध्ये विसरत होतो.

त्या रात्री झोप आली नाही म्हणून घाटाचं गणित मांडलं. गाडी, तीन माणसं आणि तांदूळ मिळून साडेनऊशे किलो धरले, उतार पाचशे मीटर धरला. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते ती साधारण पंधरा लिटर गार पाणी उकळायला पुरते. म्हणजे न्हाणीघरातला आपला तांब्याचा बंब. पूर्वी त्यातला बराच वाटा इंजिन आणि वारा उचलायचे, कारण मामा दुसऱ्या गिअरमध्ये असायचा. मी तो जवळजवळ सगळा बंब चार चाकांच्या ब्रेक-ड्रमांत ओतला होता. साठच्या वेगातली गाडी पस्तीस वेळा उभी करण्याइतकी ती उष्णता.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा. ब्रेक मारला की आतले शू लायनरसकट त्याला आतून घासतात. ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या शूपासून लांब जातो. लायनर तापला की त्याची पकड सुटते. पहिलं कडक पेडल ते होतं. मग ती उष्णता व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, आणि कोकणात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तिथे त्यानं किती प्यायलं असेल? डॉट फोर जातीचं ताजं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, पण पाणी प्यायलेल्या तेलाची हीच मर्यादा १५५वर येते. उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली जाते. पेडल लोणी होतं ते असं. गार झालं की वाफेचं पुन्हा तेल होतं आणि पुरावा नाहीसा.

दुसऱ्या दिवशी गाडी फणसाखाली नेली. मेस्त्री या खेपेला बोलेरोखालून बाहेर आला. बंपर बघितला, काही विचारलं नाही. चाक काढून ड्रम उतरवला, बोटानं आतून फिरवला. पृष्ठभाग निळा-जांभळा पडला होता, लायनरवर काच चढावी तशी चकाकी. "भाजलो," एवढंच म्हणाला.

मला वाटलं, आता ड्रमांच्या जागी डिस्क, म्हणजे पॅडच्या चिमट्यात धरल्या जाणाऱ्या तबकड्या, आणायच्या आणि बसवायच्या. मेस्त्रीनं आधी पुढचं चाक दोन्ही हातांनी वर-खाली धरून हलवलं. खटखट झालं. हेराल्डच्या पुढच्या चाकाचा उभा खांब खाली पितळी तुकड्यात आट्यांवर बसतो, त्याला ट्रनिअन म्हणतात. स्टिअरिंग फिरवलं की तो आट्यांतच फिरतो. या आट्यांना ग्रीस चालत नाही, गिअरचं जाड तेल लागतं, ९० नंबरचं. आमच्याकडे चाळीस वर्षं ज्यानं त्यानं ग्रीसच मारलं, कारण निप्पल दिसला की ग्रीसगन लावायची ही गॅरेजची रीतच आहे. ग्रीस घट्ट होऊन वरच बसलं आणि खाली पावसाचं पाणी. खांब बाहेर काढला तेव्हा खालच्या आट्या उंदरानं कुरतडल्यासारख्या, तपकिरी, एका बाजूला बोटाच्या नखाएवढी भेग. चाक गाडीखाली दुमडून बसायला एक मोठा खड्डा पुरेसा होता, आणि खड्ड्यांची आपल्याकडे वाण नाही. याच खांबांवर डिस्क बसवून मी अधिक जोरात थांबणार होतो.

इथून पुढे कामाचा क्रम मेस्त्रीनं ठरवला आणि मी पैसे मोजले.

पुढच्या बाजूचं एक कोडं होतं. इंजिन बदलल्यापासून गाडी नाक वर करून चालायची आणि स्टिअरिंग पोकळ लागायचं. मी समजत होतो की नवं इंजिन ताकदीचं म्हणजे जडही असणार. झालं होतं उलटं. जुनं इंजिन अख्खं बिडाचं. जिप्सीचं ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचं. मेस्त्रीच्या ओळखीच्या काजूच्या वखारीत काट्यावर जुनं ठेवून बघितलं, तर अर्ध्या पोत्याहून जास्त फरक निघाला. म्हणजे पुढच्या स्प्रिंगा आता जास्त ताठ आणि जास्त उंच झाल्या होत्या. अशा वेळी आपल्याकडे सर्रास गॅस कटरनं स्प्रिंगचा एक वेढा कापतात. गाडी बसते खरी, पण स्प्रिंग आखूड झाल्यानं आणखी ताठ होते, आणि कापलेलं टोक भाजून नरम पडतं ते वेगळंच. मेस्त्रीनं कटर आणला नाही याबद्दल मी त्याचा आजन्म ऋणी आहे. नरम स्प्रिंगा करवून घेतल्या, सोबत नवे शॉकअप.

मागची बाजू हे खरं दुखणं. हेराल्डच्या मागच्या चाकांना स्प्रिंगचे आडवे पाटे आहेत, एकच जुडगा, डिफरन्शियलच्या डोक्यावर पक्का आवळलेला आणि दोन टोकांना दोन चाकं. एक्सलला सांधा फक्त आतल्या बाजूला. त्यामुळे चाक वर-खाली होताना सरळ न राहता दाराच्या फळीसारखं फिरतं. गाडी जॅकवर उचलली की मागची चाकं नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखी पाय आत घेऊन लोंबतात. जॅकवर हे गमतीचं दिसतं. ओल्या वळणावर तेच जिवावर येतं. वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला किंवा ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागची बाजू उचलली जाते, चाक तळाशी आत मुडपतं आणि शेपूट बाहेर पडतं. मला त्याचा एक घास ओरोसच्या पुढे मिळाला होता, जुलैत. गाडी आडवी होऊन थांबली आणि समोरून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोवाल्यानं मला माझ्या घराण्याविषयी बरंच काही सांगितलं. चाळीस अश्वशक्तीच्या आसपासचं जुनं इंजिन वळणात एवढ्या वेगानं शिरतच नव्हतं, म्हणून मामाला हे कधी कळलंच नाही. जवळपास दुप्पट ताकदीनं ते मला दाखवून दिलं.

ट्रायम्फलाही हे ठाऊक होतं. स्पिटफायरच्या १९७०च्या आवृत्तीत त्यांनी युक्ती केली. सगळे पाटे आवळून टाकायचे सोडून एकच पाटा पक्का ठेवला आणि बाकीचे त्याच्यावर सीसॉसारखे मोकळे डुलू दिले. दोन्ही चाकं एकदम दबली तर सगळे पाटे वजन उचलतात. गाडी एका अंगावर झुकली तर मोकळे पाटे नुसते डुलतात आणि मागची बाजू उचलली जात नाही. हे मी चित्र काढून मेस्त्रीला समजावलं. त्यानं चित्र उलटं धरून बघितलं, सुलटं धरून बघितलं, मग म्हणाला, "म्हणजे पाट्याक मोकळीक देवची." दोन वाक्यांत मी जे सांगू शकलो नाही ते त्यानं तीन शब्दांत आटपलं. कोल्हापुरात उद्यमनगरला पाटे भट्टीत घालून कमान बदलून घेतली, मधल्या डुलत्या सांध्याचा डबा लेथवर करून घेतला. दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्यांदा बसला.

मागे अशी मोकळीक दिली की गाडी झुकायला जास्त लागते, म्हणून झुकणं आवरणारा पुढचा आडवा बार जाड करावा लागतो. बाराची ताठरता जाडीच्या चौथ्या घातानं वाढते. १८ मिलीमीटरचा २२ केला तर दिसायला करंगळीची अंगठी सैल झाल्याएवढा फरक, प्रत्यक्षात ताठरता दुपटीहून जास्त. शाळेत हा चौथा घात शिकवायची संधी मिळत नाही. मी मेस्त्रीच्या पोराला शिकवला. तो विडीच्या बंडलावर आकडेमोड बघत होता, पण त्याचं लक्ष विडीवर होतं.

मग डिस्क. स्पिटफायर पहिल्यापासून पुढे डिस्कच घेऊन आली आणि तिची पुढची खांब-बांधणी हेराल्डच्या घरातलीच. त्यामुळे खांब, कॅलिपर (पॅड दाबणारा चिमटा), डिस्क हा संच टपालानं मागवला. कस्टम्सनं जे घेतलं त्यावर मी बोलणार नाही, मामी हा लेख वाचते. मागे ड्रमच ठेवले. "चारीकडे डिस्क का नाही टाकल्या?" असं मला तरुण मुलं विचारतात. जोरात ब्रेक मारला की या गाडीचं जवळजवळ दीडशे किलो वजन मागून पुढे सरकतं, म्हणजे दोन जाडजूड काका मागच्या सीटवरून उठून बॉनेटवर येऊन बसावेत तसं. हलक्या झालेल्या मागच्या चाकांना आणखी ताकदीचे ब्रेक दिले तर ती आधी अडकतील आणि गाडी गरकन फिरेल. मागे कमी असणंच बरं.

जुन्या व्यवस्थेत चारही चाकं एकाच नळीवर होती. एक व्हील सिलिंडर गळला की चारही गेले. आता पेडलचा जोर तेलावर टाकणारा मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा, पुढचं वेगळं, मागचं वेगळं. माझ्या मते डिस्कपेक्षाही हा बदल मोठा आहे, पण तो कुणाला दिसत नाही. पहिला सिलिंडर मी मोठा घेतला, १९ मिलीमीटरचा, मोठं ते चांगलं या भोळ्या समजुतीनं. पेडल लाकडासारखं. पास्कलही मीच शिकवतो! तेवढ्याच पायाच्या जोराला पिस्टन लहान तर दाब जास्त. १६चा लावला, दाब चाळीस टक्क्यांनी वाढला. पेडल थोडं खोल जातं इतकंच. पायाचा जोर वाढवणारा सर्व्हो लावला नाही. ओल्या रस्त्यावर चाक अडकायला लागलं की ते तळपायाला कळलं पाहिजे. नळ्या तांबं-निकेलच्या. लोखंडी नळ्या खाऱ्या वाऱ्यात आतून कधी जातात पत्ता लागत नाही, आणि नुसत्या तांब्याच्या नळ्या गॅरेजमध्ये कितीही लाडक्या असल्या तरी थरथरून थरथरून कडक होतात आणि चिरतात. चासीला काय लावायचं यावर वाडीत परिषद भरली. एका खलाशी काकांनी होडीला लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल सुचवलं. लावलं. आठवडाभर गाडीला होडीचा वास होता. गंज अजून तरी नाही.

सगळं जोडून झालं आणि ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढायला बसलो. पोरगं पेडलवर, मेस्त्री चाकाशी, मी बाटली धरून. "दाब... धर... सोड." पारदर्शक नळीतून बुडबुडे आले, मग यायचे थांबले. पेडल मात्र फेण्यासारखं भुसभुशीत. पुन्हा दाब, धर, सोड. अर्धा लिटर तेल गेलं. मामी कोकम सरबत देऊन गेली, तिन्हीसांज व्हायला आली. मेस्त्री मास्टर सिलिंडरला शिव्या देऊ लागला, मी टपालखात्याला. पोरगं कंटाळून खाली उतरलं, चाकापाशी उकिडवं बसलं आणि म्हणालं, "ह्यो निप्पल खाली कित्या?"

कुणी काही बोललं नाही. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. दोन्हीकडे बसतात, रंग तोच, बोल्ट तेच. फक्त हवा काढायचा निप्पल वर असायच्या ऐवजी खाली येतो. हवा वर चढून बसते, आम्ही खालून तेल काढत राहतो. मेस्त्रीनं स्पॅनर खाली ठेवला, पोराकडे बघितलं आणि खिशातून दहाची नोट काढून त्याला दिली. पुढच्या पंधरा मिनिटांत पेडल दगड.

गणपती झाल्यावर, सड्यावर पिवळी सोनकी फुललेली असताना, सकाळी साडेसहाला गाडी वर नेली. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना जांभा, एक म्हैस सोडली तर प्रेक्षक नाही. आधी पॅड आणि डिस्कची ओळख करून द्यायची असते. पन्नासवरून दहापर्यंत ब्रेक, न थांबता पुन्हा पन्नास, असं दहाएक वेळा. मग गाडी न थांबवता गार होऊ द्यायची. त्यानंतर रस्त्यावर कबड्डीसारखी चुन्याची रेघ मारली आणि साठच्या वेगानं येऊन रेघेवर ब्रेक मारला. काम सुरू करण्याआधी ड्रमांवर याच जागी सव्वीस पावलं मोजली होती. आता चोवीस.

फक्त दोन पावलं? एवढ्या खर्चाला? मी म्हशीकडे बघितलं. मग पुन्हा मारला, पुन्हा, लागोपाठ दहा वेळा. दहाव्यालाही चोवीसच. ड्रमांना दहाव्यांदा विचारायची माझी हिंमत नव्हती, आंबोलीनं उत्तर दिलेलंच होतं. एकदा थांबण्यात ड्रमही काही वाईट नसतो. डिस्क कामाला येते ती पस्तिसाव्या वेळी.

आठवड्यानं पाऊस आला तसा परत गेलो. ओल्यात ड्रमांवर अडतीस पावलं होती. आताही अडतीस. दोनदा मोजली, सदतीस आणि अडतीस. पाट्यांमुळे गाडी सरळ राहिली, शेपूट हललं नाही, हे खरं. पण चाकं अडकून नुसती घसरत होती. रात्री वहीत गणितं केली. पॅडची जात बदलावी का, मागचा दाब कमी करावा का, सर्व्हो नाही तेच बरं का, असं सगळं लिहून काढलं आणि दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन मेस्त्रीकडे गेलो.

त्यानं वही घेतली नाही. पुढच्या चाकापाशी बसला, अंगठ्याला थुंकी लावून टायरच्या अंगावरची लाल माती पुसली आणि एका लंबगोल चौकटीतल्या चार आकड्यांवर बोट ठेवलं. १९१५. पोरगं म्हणालं, "एकोणीसशे पंधराचो?" मेस्त्रीनं त्याच्या टाळक्यात हलकेच मारली. २०१५ सालातला एकोणिसावा आठवडा. मामानं पडवीतून गाडी बाहेर काढायची म्हणून घातलेले टायर, नक्षी अजून नव्यासारखी, आठ हजार किलोमीटरही न चाललेले. मला त्यांचा अभिमान होता.

"मेस्त्रीनू, पण नक्षी बघा ना, पूर्ण आहे."

त्यानं अंगठ्याचं नख रबरात रोवायचा प्रयत्न केला. नख रोवलं नाही.

"ह्यां आता रबर रवला नाय रे," तो म्हणाला, आणि बोलेरोखाली गेला.